मुंढा चुकला की काळ चुकतो
वाचकांचे प्रश्न : जुने पोशाख, जुने काप

(सगळी मापं इंचांत आहेत. आठ सुतांचा एक इंच. कोणतंही सुती कापड बेतायच्या आधी पाण्यातून काढून वाळवलेलं आहे, हे सगळीकडे गृहीत धरलं आहे.)

प्रश्न : आजीचा १९३६-३७ च्या सुमाराचा फोटो आहे. पोलक्याची बाही फुगलेली, गळा बंद, गळ्याला लेस. तसंच पोलकं शिवून द्या म्हणून दोन टेलरांना फोटो दाखवला. दोघांनीही माझ्या नेहमीच्या ब्लाउजला फुग्याची बाही जोडून दिली. लेस तशीच, गळा तसाच, तरी ते आजीच्या पोलक्यासारखं दिसून नाही राहिलं. टेलर म्हणतो, फिटिंग तर बरोबर आहे. मग चुकलं कुठे?
— एक वाचक, महाल

उत्तर : फिटिंग बरोबर आहे, तीच अडचण आहे. आजचं ब्लाउज कटोरीवर किंवा प्रिन्सेस कटवर बेततात. छातीवर ते चापून बसतं आणि हात हलावा म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल ठेवतात. त्या काळच्या पोलक्याचा हिशोब बहुधा उलटा असे. छातीवर कापड सैल, जास्तीचा घेर कमरेशी चुण्या घालून गोळा केलेला, आणि मुंढा मात्र उंच, थेट काखेशी बसणारा. लेस आणि गळा नंतर बघा. मुंढा खाली गेला की पोलकं आजच्या काळात येतं, मग वर काहीही लावा.

छाती ३४ असेल तर असं बेता. छातीच्या मापात ४ इंच सैलपणा मिळवा, ३८ झाले. त्याचा चौथा भाग साडेनऊ. पाठीचा भाग साडेनऊवरच ठेवा. पुढच्या प्रत्येक भागाला चुण्यांसाठी दीड इंच जास्त, म्हणजे ११, आणि बटणपट्टीसाठी आणखी १ इंच. शिलाईची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, वेगळी. मुंढ्याची खोली खांद्याच्या रेषेपासून सरळ खाली ७ इंच, त्याहून जास्त नको. खांदा नेहमीच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्या. फुगा खांद्याच्या हाडावर उभा राहायला हवा. खांदा पूर्ण ठेवला तर तो दंडावर ओघळतो आणि बाई खांदे पाडून उभी असल्यासारखी दिसते.

बाहीत दुसरी चूक होते. साध्या बाहीचा कागद मधोमध उभा कापून ४ इंच फाकवतात आणि त्यावरच कापड कापतात. नुसती रुंदी वाढली की फुगा आडवा पसरतो, वर उठत नाही. रुंदीबरोबर बाहीच्या माथ्याची उंचीही दीड इंच वाढवा आणि नवी गोलाई हाताने काढा. चुण्या पूर्ण मुंढाभर वाटू नका. खांद्याच्या टोकापासून पुढे अडीच आणि मागे अडीच इंच, एवढ्यातच त्या बसवा. काखेकडचा भाग सपाट राहिला पाहिजे. आतून ऑर्गंडीची २ इंच रुंद, ७ इंच लांब पट्टी दुमडून, चुणून त्याच शिवणीत धरा. हा टेकू नसेल तर पहिल्या धुण्यानंतर फुगा बसला म्हणून समजा. बाहीच्या खालच्या पट्टीचं माप म्हणजे दंडाचा घेर अधिक १ इंच.

कापड वायल किंवा कँब्रिक घ्या. सुई ११ नंबरची, टीप इंचाला १२ ते १४ टाक्यांची. आतल्या कडांना ओव्हरलॉक नको, कडा आत झाकून टाकणारी फ्रेंच शिवण घाला. लेस सुतीच हवी. नायलॉन बाजारात आलं तेच १९४० च्या आसपास. दुकानदार सुती म्हणून नायलॉनची लेस देतो, तेव्हा एक धागा ओढून जाळून बघा. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, नायलॉनचा कडक मणी होतो.

रंगाचंही जपून ठरवा. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग टिपता येत नसे. फोटोत काळं दिसणारं पोलकं खरं तर लाल किंवा डाळिंबी असू शकतं, आणि पांढरट दिसणारं आकाशी. घरात कोणाला रंग आठवत असेल तर फोटोपेक्षा त्यांचं ऐका.

प्रश्न : ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम असतो. तिसरीतल्या दहा मुलींचे पोशाख करायचे आहेत. भाड्याची शिवलेली नऊवारी चकचकीत असते, आतून टोचते, आणि मुली दिवसभर ती ओढत बसतात. स्वतः शिवायचं तर काय शिवावं?
— एक शिक्षिका, धंतोली

उत्तर : दहाही मुलींना सावित्रीबाई करू नका. एकीला करा, बाकी नऊ जणींना भिडे वाड्यातल्या विद्यार्थिनी होऊ द्या. मग नऊ लुगड्यांचा खर्च वाचतो आणि दृश्यही खरं वाटतं. शाळा १८४८ ची. तेव्हा मुलींच्या अंगावर परकर-चोळी किंवा चिरडी, म्हणजे लहान मुलींचं छोटं लुगडं, असायची. झालर लावलेलं, फुग्याच्या बाहीचं पोलकं पुढच्या काळातलं आहे. हाऊ आणि सिंगर यांच्या शिवणयंत्रांची पेटंटंच १८४६ आणि १८५१ ची, म्हणजे इथले तेव्हाचे कपडे हातशिलाईचे. तुम्ही आतल्या शिवणी मशिनवर मारा, काही बिघडत नाही. पण दिसणारी खालची दुमड हाताने घाला. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून मशिनची टीप स्पष्ट दिसते.

आठ वर्षांच्या मुलीच्या परकराचा हिशोब असा. कमरेपासून घोट्यापर्यंत तयार उंची २८. नाडीच्या नेफ्याला दीड, खालच्या दुमडीला ३, आणि अर्ध्या इंचाच्या तीन आडव्या प्लेट्सना प्रत्येकी १ प्रमाणे ३. एकूण साडेपस्तीस. ३६ पन्ह्याच्या, म्हणजे ३६ इंच रुंदीच्या, कापडाचे असे दोन तुकडे जोडले की ७२ इंचांचा घेर होतो. २३ इंच कमरेला तो तिप्पट आहे, पुरे. कापड ७१ इंच लागतं, आटण्याचा विचार करून २ मीटर घ्या. आडव्या प्लेट्स गाळू नका. मूल वाढेल तशी वर्षाला एक उसवायची, ही घराघरातली जुनी सोय होती, आणि पुढच्या वर्षी तोच परकर तुम्हाला चौथीतल्या उंच मुलीलाही चालेल.

चोळीसाठी खण घेताना आधी पन्हा मोजा. हातमागाच्या खणाचा पन्हा ३०-३२ असतो, गिरणीच्या कापडाचा त्याहून बराच मोठा. दुकानात ‘एक मीटर पुरते’ म्हणतात ते कोणत्या पन्ह्याचं, हे विचारल्याशिवाय कापायला देऊ नका. काठ बाहीच्या कडेला आणि चोळीच्या खालच्या कडेला आला पाहिजे. तो मध्येच कुठेतरी आला की खण वाया गेला. बाही सरळ चौकोनी कापा आणि काखेत ३ इंचांचा चौकोनी तुकडा तिरपा बसवा. तो नसला की मुलीने पाटी डोक्यावर धरायला हात वर केला की अख्खी चोळी वर सरकते. पुढची गाठ नुसती दाखवायला बांधा, तिच्याखाली दोन हुक लावा. गडद खणाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या सुती कापडाने घासून बघा. त्यावर पांढरं काही जोडायचं असेल तर हे आधीच हवं.

सावित्रीबाईंसाठी मोठ्यांचं ९ वारी लुगडं नको. ९ वार म्हणजे ३२४ इंच, सव्वाआठ मीटर. तिसरीतली मुलगी त्यात हरवते. घरातली वापरून मऊ झालेली सुती साडी घ्या, लांबी ५ मीटर ठेवा, आणि पन्हा एका बाजूने कापून ३२-३३ करा. वरचा काठ जाईल, खालचा राहील, कापलेल्या कडेला बारीक दुमड. पन्हा न कापता वरून दुमडून खोचलं तर पोटाशी गोळा होतो आणि कासोटा सुटतो. कमरेला आधी सुती नाडी बांधा, नेसवणं त्यावर. आत सुती चड्डी असू द्या आणि कार्यक्रमाआधी मुलीला बाथरूमला पाठवा. दहा मुलींच्या गडबडीत हे शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी ठरेल.

आपल्याकडच्या भंडारा-नागपूर भागातल्या मागांवरची करवतकाठी साडी वापरावी का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. मुलीसाठी कापू नका. निवेदन करणाऱ्या बाईंनी ती नेसावी.

प्रश्न : आजेसासूबाईंचं रेशमी लुगडं उघडलं तर घड्यांवर तडे गेलेले. काठ-पदर चांगले आहेत. नातीचा परकर होईल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : नाही. घडीवर गेलेलं रेशीम बाकी ठिकाणीही तेवढंच थकलेलं असतं, फक्त अजून फाटलेलं नसतं. परकराच्या चुण्यांवर सगळं वजन लोंबतं आणि सुईच्या भोकांच्या रांगेवरच ते उभं फाटतं. काठ सोडवून घ्या, खाली मलमलची पट्टी धरून हाताने टाचा, आणि ही जोडपट्टी नव्या रेशमावर लावा. पदर तसाच ठेवायचा असेल तर घडी न घालता धुतलेल्या कोऱ्या मलमलसकट पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. घरी धुऊ नका, जरीला डांबरगोळ्या लागू देऊ नका. आणि उन्हाळ्यात कूलर चालतो त्या खोलीतल्या कपाटात तर अजिबात नको. तिथल्या ओलाव्याने जर काळी पडते.

प्रश्न : जुन्या सामानात अमेरिकन कागदी पॅटर्न निघालं, कमरेखाली पूर्ण गोल घेर असलेल्या ड्रेसचं. पाकिटावर साइझ १४, छाती ३२. कागदावर एक अक्षर नाही, नुसती भोकं. माझी छाती ३६, कंबर ३०. साइझ १४ म्हटल्यावर मला व्हायला पाहिजे ना? कागदही हात लावला की चुरतो.
— एक वाचक, सदर

उत्तर : साइझचा आकडा विसरा, छातीचं माप धरा. अमेरिकन पॅटर्नमधला १४ हा साइझ १९५६ पूर्वी ३२ छातीचा होता, तेव्हापासून १९६७ पर्यंत ३४ चा आणि १९६८ पासून ३६ चा. म्हणजे तुमचं पॅटर्न १९५६ च्या आधीचं आहे. न छापलेला, भोकं पाडलेला कागदही तेच सांगतो.

मूळ कागदावर काम करू नका. इस्त्री सगळ्यात कमी तापवून, वाफ न देता, वर पातळ सुती कापड टाकून एकेक तुकडा सरळ करा. मग त्यावर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने उतरवून घ्या, भोकांसकट. कोणतं भोक कशाचं, हे पाकिटातल्या सूचनापत्रात दिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. साधारणपणे दूर-दूर असलेली मोठी भोकं उभा धागा दाखवतात आणि त्रिकोणात जवळजवळ आलेली लहान भोकं टक, म्हणजे फिटिंगसाठी आत शिवायची निमुळती चुणी. शिलाईची माया किती धरली आहे तेही सूचनापत्रातच बघा. काही पॅटर्नमध्ये बगलेला जास्त आणि गळ्याला कमी असते. सगळीकडे सारखीच आहे असं धरलं की कंबर जुळत नाही.

आता वाढवणं. ३२ ची ३६ करायची म्हणजे ४ इंच, चार भागांत प्रत्येकी १ इंच. हा पूर्ण इंच बगलेच्या शिवणीत घालणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. मुंढा काखेच्या पुढे लांबतो, बाही बसत नाही, छातीचे टक भलतीकडे जातात. वाटून घाला. खांद्याच्या मधून कमरेपर्यंत उभा छेद देऊन तो दोन सूत फाकवा. मुंढ्याच्या मधून कमरेपर्यंत दुसरा छेद, चार सूत. उरलेले दोन सूत बगलेला. शिवाय मुंढ्याच्या मध्यावर आडवा छेद देऊन दोन सूत उंची वाढवा. पाठीलाही हेच. कंबर त्यासोबत ४ इंच वाढतेच. पॅटर्नची कंबर आणि तुमची ३० यांतला उरलेला फरक कमरेच्या टकांत जमवा.

बाहीची रुंदी एकूण १ ते सव्वा इंच वाढवा आणि मग पडताळा : टेप उभी धरून मुंढ्याची शिवणरेषा मोजा, बाहीच्या माथ्याची मोजा. बाही १ ते दीड इंच जास्त भरली पाहिजे. त्याहून जास्त भरली तर खांद्यावर चुण्या येतात, कमी भरली तर हात वर जात नाही.

एक गोष्ट वाढवण्याआधी तपासा. काखेतून छातीच्या वरून घेतलेलं माप आणि भर छातीचं माप यांत दोन इंचांहून जास्त फरक असेल, तर वरच्या मापाने पॅटर्न धरा आणि वाढ फक्त पुढच्या भागात छातीवर करा. नाहीतर गळा आणि खांदे सैल पडतात आणि टेलरला दोष जातो. पाठीची उंचीही, म्हणजे मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत, पाकिटावरच्या मापाशी ताडून बघा. फरक असेल तर मुंढ्याखाली आडवी घडी घालून कमी करा, खालून कापू नका. खालून कापलं की कंबरेची गोलाईच जाते.

मांजरपाटाचा, म्हणजे कोऱ्या जाड सुती कापडाचा, एक नमुना शिवल्याशिवाय चांगल्या कापडाला कात्री लावू नका. ड्रेस मऊ क्रेपचा करणार असाल तर मांजरपाट फार ताठ पडतं, जुनी वापरलेली वायलची साडी घ्या. नमुन्याला धावदोरा लांब टाक्यांचा, उसवता आला पाहिजे. त्या वेळच्या ड्रेसला उघडायची जागा बहुधा डाव्या बगलेला असे. चेन किंवा टिचबटणं तिथेच लावा, पाठीवर नको.

घेराचं गणित सोपं आहे : कमरेच्या मापाला ६.२८ ने भागा. ३० ला पावणेपाच इंच येतात, तेवढी त्रिज्या. गोल घेरात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही उरेब, म्हणजे धाग्याला तिरका. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून कमरेला जोडून ड्रेस एक पूर्ण दिवस हँगरला टांगून ठेवा, मग अंगावर घालून जमिनीपासून मोजत खालची कड नव्याने आखा. हे न करता हेम मारला तर दोन धुण्यांत घेर दोन्ही बाजूंना लोंबतो.

प्रश्न : नातीला जुन्या पद्धतीचा स्मॉकिंगचा, म्हणजे बारीक चुण्यांवर भरतकाम केलेला, फ्रॉक शिवला. भरतकाम छान झालं पण फ्रॉक ताणत नाही आणि तिच्या छातीला आवळतो. इस्त्री केली तर सगळं सपाट झालं.
— एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : तीन चुका असू शकतात, बहुधा तिन्ही आहेत. कापड कमी घेतलं असेल. पातळ वायल किंवा लॉनला तयार रुंदीच्या तिप्पट कापड लागतं, जाडसर पॉपलिनला अडीचपट. १० इंचांच्या पुढच्या भागाला वायल ३० इंच. दुसरं, चुण्यांचे दोरे फार आवळून बांधले असतील. हे दोरे तयार रुंदीपेक्षा किंचित कमी, पण चुण्यांमध्ये सुई आरामात फिरेल इतपत सैल बांधायचे. तिसरं, भरताचा टाका चुणीच्या मुळापर्यंत घेतला असेल. सुईने चुणीच्या वरचा फक्त तिसरा हिस्सा उचलायचा आणि दोरा ओढून घट्ट करायचा नाही.

पुढच्या वेळी चौकडीचं कापड घ्या, ठिपके आखायचे कष्ट वाचतात. साध्या कापडावर ठिपके पाव इंचावर, ओळी तीन सुतांवर. प्रत्येक ओळीला वेगळा मजबूत दोरा, टोकाला मोठी गाठ. सगळे दोरे एकदम ओढा आणि दोन-दोन जोडीने बांधा. पहिली ओळ शिवणीच्या अर्धा इंच खाली. भरतकाम पूर्ण झाल्यावर मगच मुंढा आणि गळा कापा; आधी कापले तर तिरप्या कडा ताणून वाकड्या होतात. भरताला दोऱ्याचे तीन पदर पुरतात. दोरे काढण्याआधी कापड इस्त्रीच्या टेबलावर हव्या त्या रुंदीला टाचणीने अडकवा आणि वरून, इस्त्री न टेकवता, वाफ द्या. थंड होऊ द्या. दोरे त्यानंतर काढा.

आत्ताच्या फ्रॉकची काखेतली शिवण उसवून दोन्हीकडे दीड इंचाच्या पट्ट्या घाला. सपाट झालेलं स्मॉकिंग पाण्यात भिजवून, बोटांनी चुण्या उभ्या करून सावलीत वाळवलं तर बरंच परत उठतं.

प्रश्न : हौशी नाट्यसंस्थेसाठी १८९५ मधल्या इंग्रज बाईचा पोशाख करतोय. कॉर्सेट घालायलाच हवं का? प्रयोग एप्रिलमध्ये आहे. मागे बसलही, म्हणजे स्कर्ट मागून फुगवणारा टेकू, बांधायचा विचार आहे.
— एक वेशभूषाकार, सीताबर्डी

उत्तर : बसल काढून टाका, ती १८८० च्या दशकाबरोबर संपली. १८९५ म्हणजे प्रचंड फुगलेल्या बाह्या आणि कळ्यांचा, मागे थोडा जास्त घेर असलेला स्कर्ट. बाहीलाच जास्त कापड जाईल, त्यासाठी पैसा राखून ठेवा.

कॉर्सेट लागेलच, कारण त्याशिवाय कंबर आणि छाती यांच्यामध्ये वरच्या झग्याला सुरकुत्या पडतात. पण आवळायचं नाही. सुती ड्रिलचे दोन थर, कमरेला आतून १ इंचाची सुती टेप. कंबर ३२ असेल तर बांधल्यावर ३० होऊ द्या आणि मागे २ इंचांची फट ठेवा, म्हणजे कॉर्सेट २८ चं शिवा. पोलादी पट्ट्या परवडत नसतील तर इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या ८ मिलिमीटर रुंदीच्या केबल टाय चालतात. टोकं कानसेने गोल करा, नाहीतर पहिल्याच अंकात कापडातून बाहेर येतील. मागच्या भोकांच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी हवीच, अंतर १ इंच, भोकांना धातूच्या रिंगा. आत बिनबाह्यांची मलमलची शमीज घाला, घाम तीच शोषते आणि तीच रोज धुता येते. अशा दोन शिवा.

अभिनेत्रीने आठवडाभर आधीपासून तालमीत ते घालावं, रोज थोडा जास्त वेळ, आणि जेवण त्याआधी दोन तास. काढताना आधी मागची दोरी पूर्ण सैल करायची, मग पुढच्या कड्या सोडायच्या. विंगेत घाईघाईने उलटं केलं तर पुढची पट्टी वाकते आणि दुसऱ्या प्रयोगाला कड्या लागत नाहीत.